पावलातलं पाणी

सांगलीहून आम्ही इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीच्या या इमारतीत राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते, तर पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "किती वेळ पाहालीस गे त्या खिडकींतून? दूध उतू गेलं!"

मी तिथंच थांबले. शब्द माझे होते, पण त्यांची चाल इथली, शेवटाला उंच जाणारी. दार उघडंच होतं. आत साठीच्या आसपासच्या एक बाई ओट्यावरचं दूध पुसत होत्या आणि खिडकीपाशी एक मुलगी, हातात कॉफीचा रिकामा टंबलर धरून, बाहेर बघत होती. बाहेर काही नव्हतं. एक गुलमोहर आणि त्यामागं उड्डाणपुलावरून सरकणारी रिकामी लोकल.

ती श्रीविद्या. पुढं तिची आणि माझी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता गट्टी जमली. संध्याकाळी समुद्राचा वारा वेलचेरीपर्यंत येतो, साड्या फुगतात आणि त्या आडोशाला माणसं मोकळेपणानं बोलतात. मी पुढं जे सांगणार आहे ते बहुतेक सगळं तिनं मला तिथं सांगितलेलं आहे. "अक्का" म्हणून सुरुवात करायची आणि मधेच गप्प व्हायची. मग मी चिमटे लावत थांबायचे.

हे लोक मूळचे तंजावरकडचे. किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. वडील बालाजीराव विमा कचेरीत कारकून होते, आता निवृत्त. आई विशालाक्षी. घरात जुनं मराठी, दाराबाहेर तमिळ. श्रीविद्या एकुलती एक आणि लहानपणापासून तंद्री लागणारी. तिचं स्टेशन चुकायचं, तिच्या हातातला घास हातातच राहायचा. पेरुंगुडीतल्या एका कंपनीत तिनं तीन वर्षं फोनवर परदेशी गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकल्या. पलीकडून एखादी म्हातारी बोलायला लागली, की हिच्या डोळ्यांसमोर त्या म्हातारीची खोली उभी राहायची. दिवा कुठं असेल, पडदे कसले, मांजर आहे का. तोवर म्हातारी "हॅलो, हॅलो" करून थकलेली असायची. शेवटी तिचे वरिष्ठ म्हणाले, "तू फार छान ऐकतेस. पण तक्रार सोडून बाकीचं सगळं ऐकतेस."

तिनं ती नोकरी सोडली. तमिळ साहित्यात एम.ए. तिनं नोकरी करता करताच केलं होतं. आता तांबरमच्या कॉलेजात बी.एड.ला नाव घातलं.

विशालाक्षीबाई मला म्हणाल्या, "घरीं मराठी, शिकवणार तमिळ, आणि लक्ष तिसरीकडेच. मुलीं काय शिकतील हिच्याकडून?"

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी चार महिने एखाद्या शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवावं लागतं. बाकीच्यांना तांबरमच्या आसपासच्या शाळा मिळाल्या. श्रीविद्याला मिळाली एन्नोरची, शहराच्या अगदी दुसऱ्या टोकाची एक मुलींची शाळा. वेलचेरीहून बीच स्टेशन, तिथं गाडी बदलून एन्नोर, पुढं शेअर रिक्षा. जाऊन येऊन चार तास. आईनं कपाळाला हात लावला. श्रीविद्या मात्र खूश होती. चार तास खिडकी.

तो प्रवास तिनं मला किती वेळा सांगितला असेल. बीच स्टेशनच्या पुढं गाडी रिकामी होत जाते. गोदामं, कंटेनरांचे ढीग, मग एकदम उघडं आकाश. एन्नोर जवळ यायला लागलं की लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, त्यांचा धूर सकाळच्या उन्हात गुलाबी होतो, आणि तो वाईट आहे हे ठाऊक असूनही बघत राहावंसं वाटतं. दोनदा ती पुढच्या स्टेशनात उतरली.

शाळेत तिचे मार्गदर्शक होते गुरुमूर्ती. तमिळ शिकवणाऱ्या मास्तरांना इकडे मुलं सर नाही म्हणत, अय्या म्हणतात. गुरुमूर्ती अय्या एकतीस वर्षं तिथंच शिकवत होते. पांढरा सदरा, खिशात दोन पेनं, आणि हातात बारा महिने काळी छत्री. त्यांनी पहिले पाच आठवडे तिला फक्त मागच्या बाकावर बसवून ठेवलं. मग एक दिवस नववीचं पुस्तक तिच्यापुढं सरकवलं.

"समुद्राच्या कवितांचा घटक. पाच कविता, दहा तास. तुम्ही घ्या. मी मागं बसेन."

एक सबंध घटक. सुटे सराव पाठ तिनं कॉलेजात घेतले होते, पण तिथं समोर बसलेल्या मैत्रिणीच मुली झालेल्या असायच्या आणि प्रश्न आधी ठरलेले असायचे. इथं दहा तास, सव्वीस मुली आणि पाच जुन्या कविता.

पहिली कविता सात ओळींची. कवीचं नावसुद्धा दिलेलं नव्हतं. नवरा होडी घेऊन गेलाय. ओल्या वाळूत त्याचं शेवटचं पाऊल उमटलं, लाट आली, पाऊल पाण्यानं भरलं, लाट परतली. आता त्याची बायको त्या पावलाशी बसलीय आणि त्या पाण्यावर तिनं तळहाताची सावली धरलीय. बस, एवढंच.

श्रीविद्या म्हणाली, "अक्का, मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा बीच स्टेशनवर माझ्यासमोरून दोन गाड्या गेल्या."

तिनं पाठाचं टाचण सात पानांचं केलं. उद्दिष्टं, प्रस्तावना, फळ्यावर काय लिहायचं, कोणता प्रश्न कितव्या मिनिटाला. आदल्या रविवारी घरीच तालीम झाली. वर्ग म्हणजे सोफ्यावर बसलेले आई आणि अप्पा. मलाही बोलावलं होतं, मला तमिळ निम्मंच कळत असूनही. तिसऱ्या मिनिटाला बालाजीराव घोरायला लागले. विशालाक्षीबाई मात्र शेवटपर्यंत ताठ बसून होत्या.

"कसं झालं?" श्रीविद्यानं विचारलं.

"फार शुद्ध बोलालीस. रेडिओसारखं."

"म्हणजे चांगलं की वाईट?"

"रेडिओ चांगलाच असतो गे," आई म्हणाल्या. "पण कोणी रेडिओला प्रश्न विचारतं का?"

सोमवारी तिसऱ्या तासाला ती वर्गात उभी राहिली. नवी सुती साडी, इस्त्रीच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. गुरुमूर्ती अय्या मागं बसले, निरीक्षणाची वही उघडून. तिनं कविता वाचली. वाचन बरं झालं असावं, कारण मुली गप्प होत्या. मग ती टाचणाप्रमाणे अर्थाकडे वळली. गाईडमध्ये अर्थ तीन ओळींत दिला होता. पाणी म्हणजे आठवण, ऊन म्हणजे काळ, हात म्हणजे निष्ठा. तिनं ते तिन्ही शब्द फळ्यावर लिहिले, खाली रेघ ओढली. सव्वीस डोकी वह्यांवर वाकली.

"मिस, हे परीक्षेला येणार ना?" पहिल्या बाकावरच्या संयुक्तानं विचारलं. ती हुशार, तिची अक्षरं छापल्यासारखी.

"येऊ शकतं."

"पाच गुणांना की दोन?"

श्रीविद्यानं खिडकीकडे पाहिलं. शाळेच्या मागं दोन गल्ल्या सोडून समुद्र होता. दिसत नव्हता, पण खिडकीच्या गजांना मीठ चढलेलं होतं आणि वाऱ्याला त्याचा वास होता. त्या वासासरशी ती बाई तिला दिसली. पाठमोरी, गुडघे मुडपून बसलेली, हात पुढं केलेला. बोटं एकमेकांना चिकटवलेली, उन्हाची एक तिरीपही मधून जाऊ नये म्हणून. चेहरा दिसत नव्हता. आता मान वळवेल, असं वाटून श्रीविद्या बघत राहिली.

वर्गात खसखस पिकली तेव्हा ती भानावर आली. किती वेळ गेला होता कोण जाणे. मागं अय्या काहीतरी लिहीत होते. तिचे कान तापले.

"कुणाला काही शंका?" टाचणात हा प्रश्न पस्तिसाव्या मिनिटाला होता, आता विसावं असेल.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कीर्तना. ती रोज हजेरीनंतर धावत यायची, कारण सकाळी होड्या लागल्या की आईबरोबर मासळी निवडून, मग अंघोळ करून शाळा. केस नेहमी ओले. वर्गात ती फारशी बोलत नसे.

"मिस, ते पाणी हातानं राहत नाही."

"म्हणजे?"

"वाळूतल्या पावलातलं पाणी उन्हानं जात नाही, मिस. खालून जातं. वाळू पिते. वर हात धरा, नाहीतर ताडपत्री धरा."

मुली हसल्या. संयुक्ता मागं वळून म्हणाली, "कविता आहे ती! कवितेत चालतं."

"का चालतं?" कीर्तनानं विचारलं. तिला भांडायचं नव्हतं, खरोखरच विचारायचं होतं. "लिहिणाऱ्यानं समुद्र बघितला नव्हता का?"

श्रीविद्याच्या सात पानांत याचं उत्तर नव्हतं. मग जे खरं होतं ते ती म्हणाली, "मला माहीत नाही. मी कधी बघितलेलं नाही."

तास संपल्यावर व्हरांड्यात गुरुमूर्ती अय्या म्हणाले, "माहीत नाही असं वर्गात म्हणू नये. पुढं जावं. एकतीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नाही."

"कीर्तनासारखी कुणी वर्गात असेलच ना, अय्या, दर वर्षी?"

ते थांबले. छत्रीचं टोक फरशीवर टेकवलं. "असेल," ते म्हणाले. "विचारलं नाही एवढं खरं."

त्या दिवशी परतताना ती गाडीत तेच तेच घोळवत होती. वाळू पिते. म्हणजे त्या बाईचा हात फुकट. मग कवीला ठाऊक नव्हतं? की ठाऊक होतं? मंगळवारी तिनं दुसरी कविता घेतलीच नाही. ती मुख्याध्यापिकांकडे गेली आणि शनिवारी सकाळी शाळेआधी वर्गाला किनाऱ्यावर नेण्याची परवानगी मागितली.

"तमिळच्या तासासाठी?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "विज्ञानवाले नेतात कधी कधी."

"एक कविता तपासायची आहे."

मुख्याध्यापिका अय्यांकडे बघायला लागल्या. ते हजेरीपटावर सही करायला तिथं आलेले होते. श्रीविद्याला वाटलं, आता संपलं. अय्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "पालकांच्या चिठ्ठ्या घ्याव्या लागतील. गुडघ्याच्या वर पाणी नाही. आणि मी बरोबर असेन."

शनिवारी सात वाजता सव्वीसपैकी तेवीस मुली आल्या. तिथला किनारा सगळा वाळूचा नाही. समुद्र आत यायला लागला म्हणून मोठमोठे काळे दगड टाकून बांध घातलाय. दोन बांधांच्या मधे वाळूचा एक तुकडा उरलाय, तिथं होड्या ओढून ठेवतात. आदल्या वादळी आठवड्याचं शेवाळ किनाऱ्याला लागलं होतं. उत्तरेला चिमण्या, त्यांचा धूर सरळ वर जात होता, कारण वारा अजून उठलेला नव्हता. समुद्र इतका शांत की तो झोपेत कूस बदलतोय असं वाटावं. सूर्य समोर, पाण्यावर त्याची लांब पिवळी वाट.

"सगळं पांढरं पांढरं दिसत होतं, अक्का," ती मला म्हणाली. "मुलींचे कपडे, फेस, ऊन. मी झोपेत आहे की काय असं मला वाटायला लागलं. पण यावेळी माझ्याबरोबर तेवीस जणी होत्या त्या झोपेत."

ठरलं ते असं. जोड्या करायच्या. लाटेच्या काठावर प्रत्येकीनं एक पाऊल नीट दाबून उमटवायचं. लाट येऊन पाऊल भरलं आणि परतली, की एकीनं आपल्या पावलावर हाताची सावली धरायची, दुसरीनं धरायची नाही. आणि मोजायचं. संयुक्तानं घरून घड्याळ आणलं होतं आणि तक्ता आखलेली वही.

सुरुवातीला नुसता गोंधळ. लाट एकीचं पाऊल भरायची, दुसरीचं पुसून टाकायची. किंचाळणं, हसणं, भिजलेले घोळ. मग एक मोठी लाट आली आणि सगळ्यांची पावलं एकदम भरून गेली. मुली बसल्या. हात पुढं झाले.

आणि कुणी न सांगता सगळं शांत झालं.

बारा हात पाण्यावर धरलेले. बोटं चिकटवलेली. तळहाताखाली पाणी हिरवट, सावलीबाहेर लख्ख. पाण्यात आकाशाचा एवढासा तुकडा, तो हळूहळू लहान होत चाललेला. श्रीविद्यानंही आपलं पाऊल उमटवलं होतं. ती त्याच्याशी बसली आणि बघत राहिली. तळाशी बारीक बुडबुडे येत होते. वाळू पीत होती, घोटघोट. तिचा हात अवघडला, तरी काढवेना. बाजूला बघितलं तर गुरुमूर्ती अय्या चपला हातात घेऊन उभे. धोतराचा काठ भिजलेला, उघडलेली छत्री पुढं झुकवलेली, आणि छत्रीच्या सावलीत त्यांचं स्वतःचं पाऊल. तेही मोजत होते, ओठ हलत होते.

बांधावर जाळी दुरुस्त करणाऱ्या बायका हे बघून थांबल्या. त्यांतल्या एकीनं हाक मारली, "काय हरवलं ग?"

"काही नाही!" कीर्तना ओरडली. "अभ्यास चाललाय!"

बायका पोट धरून हसल्या.

पाणी गेलं. सावली होती तिथलं गेलं आणि नव्हती तिथलंही गेलं. संयुक्तानं तक्ता वाचला. दोन्हींत फरक म्हणावा असा काहीच नाही. कुणाचं पाऊल खोल, कुणाचं उथळ, त्याचाच काय तो फरक. अय्यांच्या छत्रीखालचं तर सगळ्यांत आधी गेलं.

"बघा मिस," कीर्तना म्हणाली. पण तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. तिचा हात अजून तिथंच होता, कोरड्या पडलेल्या खळग्यावर.

"म्हणजे कवीला कळलंच नाही?" श्रीविद्यानं विचारलं. तिला उत्तर माहीत नव्हतं. ती अंदाज घेत होती, अंधारात पायरी शोधावी तशी.

लाट आली, सगळे खळगे पुसून गेली.

मग कीर्तना म्हणाली, "कवीचं मला माहीत नाही. पण ती बाई इथली आहे ना? समुद्राकाठची. तिला माहीत असणार. माझ्या आईला माहीत आहे, मला माहीत आहे." ती थांबली. "तिला ठाऊक होतं, मिस. राहणार नाही हे ठाऊक होतं. तरी बसली."

संयुक्तानं वही मिटली. "मग ती निष्ठा नाही झाली," ती हळूच म्हणाली. "म्हणजे झाली, पण गाईडमधली नाही. तिथं लिहिलंय, आठवण टिकवण्यासाठी."

"टिकवायला नाहीच बसली ती," कीर्तना म्हणाली.

"मग कशाला?"

यावर तेवीस जणींची तेवीस उत्तरं निघाली. जाईपर्यंत सोबत म्हणून. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. घरी गेलं की घर रिकामं, म्हणून. एक मुलगी, जिचं नाव श्रीविद्याला तोवर नीट पाठही नव्हतं, म्हणाली, "आजोबा गेले तेव्हा आजी त्यांचे पाय चेपत होती, डॉक्टर सांगून गेल्यावरसुद्धा." मुली कपडे झटकत उठल्या आणि ओल्या पायांनी शाळेकडे चालू लागल्या. अय्या सगळ्यांच्या मागून, छत्री मिटायला विसरून.

त्यानंतरचे तास तिच्या टाचणाप्रमाणे झाले नाहीत. दुसऱ्या कवितेत मिठागर होतं. एका मुलीचे काका तसल्या कामावर होते, ती त्यांना विचारून आली. तिसरीतल्या पाखराच्या नावावर दोन दिवस वाद झाला आणि तो मिटलाच नाही. चौथी कविता मुलींना आवडली नाही. श्रीविद्यानं त्यांना का ते लिहायला सांगितलं, आणि तिच्या मते त्या घटकातलं सगळ्यांत चांगलं लिखाण त्यातून आलं. तिची तंद्री काही गेली नव्हती. बोलता बोलता ती अजूनही थांबायची, खिडकीकडे बघायची. फरक एवढाच, की आता मुली हसायच्या नाहीत, थांबायच्या. एखादी विचारायची, "मिस, काय दिसतंय?" आणि ती सांगायची.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "मिस, तुम्ही घरी फोनवर कुठली भाषा बोलता?" तिनं सांगितलं. मग ती कविता त्या भाषेत ऐकवा, असा हट्ट झाला. तिनं आयुष्यात कधी आपल्या घरच्या बोलीत कविता म्हटली नव्हती. त्या बोलीत दूध उतू जायचं, उशीर व्हायचा, जेवायला वाढायचं. फळ्याला पाठ लावून तिनं डोळे मिटले आणि जे सुचलं ते म्हणाली, "पावलांत पाणी राहिलं होतं. राहत नाहीं तें. मी हात धरून बसलें." मुलींना शब्द कळले नाहीत, पण त्या ऐकत राहिल्या. मला तिनं हे गच्चीवर सांगितलं तेव्हा माझ्या हातातली ओली चादर तशीच राहिली. माझ्या बोलीत मी ते कसं म्हणाले असते ते मला सुचेना.

शेवटच्या तासाला कॉलेजातून जयंती मॅडम निरीक्षणाला आल्या. गुणपत्रक घेऊन मागच्या बाकावर बसल्या. पाचवी कविता होती, परतलेल्या होडीची. श्रीविद्यानं प्रश्न विचारला, "तो परत आल्यावर ती काहीच का बोलत नाही?" आणि वर्ग गप्प झाला. एक मिनिट, दोन मिनिटं. जयंती मॅडमनी घड्याळ बघितलं. कॉलेजात शिकवलं होतं की शांतता पडली तर पूरक प्रश्न विचारावा. श्रीविद्यानं विचारला नाही. चौथ्या मिनिटाला मागून कुणीतरी म्हणालं, "रागानं," लगेच दुसरी म्हणाली, "भीतीनं," आणि तिथून जी चर्चा पेटली ती घंटा होऊनही संपली नाही. फळा कोराच राहिला. मूल्यमापनाचे प्रश्न विचारायचेही राहिले.

स्टाफरूममध्ये जयंती मॅडम म्हणाल्या, "वेळेचं नियोजन नाही. फळ्याचा वापर नाही. मधे चार मिनिटं तुम्ही काहीच केलं नाहीत."

"मुली विचार करत होत्या, मॅडम."

"मला दिसलं ते," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "पण या कागदावर त्यासाठी रकाना नाही. मी कुठं लिहू सांगा?"

पन्नासपैकी तिला एकोणतीस मिळाले. तिच्या तुकडीतले जवळजवळ सगळ्यांत कमी. ती रडली नाही असं ती म्हणते. विशालाक्षीबाई म्हणतात, तांदळाच्या डब्याकडे तोंड करून बराच वेळ उभी होती.

तिमाही परीक्षेत ती कविता आली. पाच गुणांना. कीर्तनानं दीड पान लिहिलं, गाईडमधलं एक अक्षर न घेता. गुरुमूर्ती अय्यांनी तिला तीन गुण दिले. श्रीविद्याला ते फार लागलं. ती त्यांच्याशी भांडायला गेली, आयुष्यात पहिल्यांदा कुणा मोठ्या माणसाशी.

अय्यांनी ऐकून घेतलं. "दहावीचा पेपर मी तपासणार नाही," ते म्हणाले. "कुठल्या तरी गावातला कुणीतरी तपासेल. त्याच्या हातात उत्तरसूची असेल, समुद्र नसेल. मी तिला सांगितलंय, आधी गाईडच्या चार ओळी लिही, मग खाली तुझं लिही. दोन्ही लिही." मग जरा थांबून, "तिचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलंय. पुढच्या वर्षी मला लागेल."

श्रीविद्या म्हणते, तिला अजून कळलेलं नाही की ते बरोबर होतं की चूक.

बी.एड. तिनं दुसऱ्या वर्गात पूर्ण केलं. आता ती तांबरममधल्या एका छोट्या शाळेत सहावीला शिकवते. बेचाळीस मुलं, बहुतेक वेळ व्याकरण, कवितेला आठवड्यातून एक तास. प्रवास कमी झाला याचं तिला वाईट वाटतं. तिथल्या मुख्याध्यापकांनी तिला दोनदा ताकीद दिलीय, घटक वेळेत संपवा म्हणून. तिसऱ्यांदा देतील असं तिलाही वाटतं.

मागच्या शनिवारी ती वर आली. "अक्का, उद्या सकाळी मोकळ्या आहात का? सोमवारी डोंगराची कविता आहे. मी डोंगर कधी नीट बघितलाच नाही."

मी सांगलीकडची. मला हसू आलं. पण गेले. पल्लावरमच्या बाजूला एक टेकडी आहे, बसनं जाऊन पायऱ्या चढायच्या. ती पुढं, मी धापा टाकत मागं. अर्ध्यावर ती एका खडकाशी थांबली आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. खडक उन्हानं तापायला लागला होता. खाली विमानतळ, एक विमान आमच्या पायांखालून गेल्यासारखं उतरलं, आवाज मागाहून आला.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"अजून काही नाही," ती म्हणाली. "बसू या ना थोडा वेळ?"

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तिच्या शेजारी बसले.